पक्ष्यांचा पंचनामा

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही पाच जण तलावाकाठच्या बगीच्यात पक्षी मोजायला जमलो. आठ वाजून दहा मिनिटांनी पाचही जणांनी एका कागदावर सह्या केल्या. त्या कागदामुळे पलीकडच्या काठावर हरभरा पेरलेल्या एका बाईची दोन एकर जमीन जायची वेळ आली. हे आम्हाला नऊ दिवसांनी कळले.

तलाव आदिलाबाद जिल्ह्यातल्या आमच्या गावाच्या उत्तरेला आहे. आंध्रात तालुके मोडून मंडळे होऊन तेव्हा दोन-तीन वर्षे झाली होती आणि लोक मंडळ कार्यालयाला अजून तहसीलच म्हणत. तलावाच्या दक्षिणेला बांध आहे. बांधाला लागून पंचायतीने बगीचा केला होता. त्यात सिमेंटची सहा बाके, एक घसरगुंडी आणि कन्हेरीची रांग होती. उत्तरेला बांध नाही, जमीन हळूहळू चढत जाते. पावसाळ्यात पाणी तिकडच्या बाभळींपर्यंत पोचते. दिवाळीनंतर ते ओसरू लागते आणि ओली काळी जमीन उघडी पडते. दफ्तरात या जमिनीला शिकम म्हणतात. निजामाच्या वेळेपासूनचा शब्द आहे. मालकी सरकारची, पण पाणी उतरल्यावर कसायला ती एका सालाच्या पट्ट्याने दिली जाते. पट्टा दर हिवाळ्यात नवा करावा लागतो. अट एकच, की पट्टेदाराची वहिवाट, म्हणजे प्रत्यक्ष कसणे, चालू हवी. एक साल वहिवाट तुटली की जमीन दुसऱ्याला देता येते.

पक्षी मोजण्याची सुरुवात हेडमास्तरांनी केली. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, विज्ञान शिकवत, आणि गावातली एकमेव दुर्बीण त्यांच्याकडे होती. त्यांचे वडील दुसऱ्याच्या शेतात सालदार होते, असे ते स्वतःच सांगत. बाकीचे चौघे असे: मंडळ कार्यालयातला एक कारकून, तामसीकडच्या खेड्यांत नोकरीला असलेले दोन शिक्षक, आणि मी. मी एका मराठी दैनिकाचा वार्ताहर होतो. कारकून वऱ्हाडाच्या सीमेवरचा, तेलुगू माध्यमात शिकलेला. घरी मराठी बोलायचा, कार्यालयात तेलुगू लिहायचा. दोन्ही शिक्षक आदल्या रात्री हेडमास्तरांकडे मुक्कामाला आले होते, कारण तामसीची पहिली गाडी आठच्या आधी पोचत नसे.

हेडमास्तरांचा नियम होता की दोघांनी पाहिलेलाच पक्षी लिहायचा. एकाने दुर्बिणीतून आकडा सांगायचा, दुसऱ्याने नुसत्या डोळ्यांनी ताडून पाहायचा, मग तिसऱ्याने लिहायचा. मला हा नियम ओळखीचा वाटला. आमच्या धंद्यातही तो होता, पाळला जायचा त्याहून जास्त सांगितला जायचा.

त्या सकाळी धुके होते. बांधापासून चाळीस-पन्नास पावलांपुढे काही दिसत नव्हते. सात वाजता ते पाण्यावरून थोडे सरकले आणि मधला भाग दिसू लागला. आम्ही हळदीकुंकू बदके मोजली, टिबुकल्या मोजल्या, दोन राखी बगळे आणि एक खंड्या लिहिला. सव्वासातच्या सुमारास पट्टकदंब आले. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे मोठे हंस हिमालयापलीकडून येतात. ते उत्तरेच्या धुक्यातून निघाले, तलावावर एक फेरी मारली आणि मधल्या पाण्यात उतरले. हेडमास्तरांनी दुर्बीण खाली घेतली आणि डोळे पुसले.

“सदतीस,” ते म्हणाले.

“छत्तीस,” तामसीचा एक शिक्षक म्हणाला.

“सदतीस आहेत. तो एक मागे आहे, मान खाली घातलेला.”

“मान खाली घातली तं मले कसा दिसन, सर? दुर्बीन तुमच्याजवळ.”

दुर्बीण त्याच्याकडे गेली. सदतीस लिहिले गेले.

हंस कुठून उठले हे कोणी विचारले नाही. मात्र ते उठण्याच्या थोडे आधी पलीकडून पत्र्याचा डबा बडवल्याचा आवाज येत होता. दोन-तीन मिनिटे आला, थांबला, पुन्हा आला. हेडमास्तर त्रासले. पलीकडे कोणीतरी मुद्दाम पाखरे उडवते आहे, असे ते म्हणाले. याआधी त्याच काठावर दोनदा बंदुकीचे बार ऐकू आले होते. इथे शिकार करू नये, असा फलक सरकारने लावावा ही त्यांची जुनी इच्छा होती. त्यासाठी मंडळ कार्यालयात अर्ज द्यायचे त्यांनी ठरवले होते. डबा ऐकून त्यांनी अर्जात एक ओळ वाढवायची ठरवली: सकाळी आवाज करून पक्ष्यांना उडवण्यासही मनाई असावी.

कारकून म्हणाला, “साधा अर्ज देसान तं पडून राह्यते, गुरुजी. त्याच्यासंगं पंचनामा लावा. पंचनामा दिसला का साहेब वाचतेच.”

“पक्ष्यांचा पंचनामा असतो का कुठे?”

“मेलेल्या बैलाचा असते, पडलेल्या भितीचा असते. जित्या पाखरानं काय पाप केलं?”

सगळे हसले. कारकुनाच्या पिशवीत रेघा आखलेले कागद होते, कार्बन होता. रविवारीही ते त्याच्याजवळ असत. तो बाकावर बसला, मांडीवर वही घेतली आणि तेलुगूत लिहायला लागला. त्याचे अक्षर चांगले होते आणि हात कुठे अडत नव्हता. पंचनाम्याचा साचा ठरलेला असतो. जागा, तारीख, वेळ, पंचांची नावे, चतुःसीमा, जागेवर काय आढळले, वहिवाट कोणाची, आणि शेवटी पंचांना वाचून दाखवले, ते बरोबर असल्याने सह्या केल्या. पक्ष्यांच्या नावांना तेलुगू शब्द त्याला माहीत नव्हते, म्हणून मराठी नावेच त्याने तेलुगू लिपीत लिहिली.

तामसीचा दुसरा शिक्षक म्हणाला, “पंच म्हून सही कराची तं चहा पाजा लागते.”

“सही कर आंदी,” कारकून म्हणाला. “चहा पिऊन पलटते मानूस.”

सह्या झाल्या. हेडमास्तरांना तेलुगू उत्तम येत होते. त्यांनी पक्ष्यांची नावे आणि त्यापुढचे आकडे दोनदा तपासले, एक दुरुस्ती केली आणि सही केली. मी तेलुगू बोलत होतो, पण वाचताना मला अक्षरे जुळवावी लागत. मी तारीख, वेळ आणि माझे नाव वाचले. शिक्षकांनी आपापली नावे आणि हुद्दे पाहिले. वाचून दाखवल्याची ओळ कागदावर होती. प्रत्यक्षात कोणी कोणाला वाचून दाखवले नव्हते.

सोमवारी अर्ज आणि पंचनामा कार्यालयात दिला गेला. त्यावर आवक क्रमांक पडला. त्याच दिवशी मी माझ्या दैनिकाला अर्ध्या रकान्याची बातमी पाठवली. ती गुरुवारी छापून आली. तिच्यात “तलावाच्या निर्मनुष्य उत्तर काठावरून” पट्टकदंबांचा थवा आल्याचे म्हटले होते. निर्मनुष्य हा शब्द माझा होता.

पुढच्या मंगळवारी दुपारी साडेतीनला मी बसस्टँडच्या हॉटेलात बसलो होतो. बातम्यांचे पाकीट मी रोज चारच्या आदिलाबाद गाडीच्या ड्रायव्हरकडे देत असे, म्हणून त्या वेळी मी तिथे सापडतो हे सगळ्यांना ठाऊक होते. पन्नाशीची एक बाई दारात उभी राहिली. पायांना गुडघ्यापर्यंत सुकलेला चिखल होता. मी तिला चेहऱ्याने ओळखत होतो. गावाच्या वरच्या अंगाला राहणारी, बौद्ध वस्तीतली. तिचा मुलगा बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत होता. शेत ती एकटीच पाहायची.

“पेपरवाले भाऊ तुमीच ना?”

मी हो म्हणालो आणि तिला बसायला सांगितले. ती बसली नाही.

“तुमी सही केली म्हनते कागदावर. का तलावाच्या तिकडं कोनाचंच वावर नाई म्हून.”

मी असे काही लिहिले नसल्याचे सांगितले. आम्ही पक्षी मोजले होते, एवढेच.

“तहसीलीतला शिपाई सांगून गेला मले. मावशे, तुही वहिवाट दिसली नाई म्हने, पट्टा नवा होनार नाई. पाच जनाईनं लिहून देल्लं म्हने. त्यात मास्तर हायेत, पेपरवाला हाये. मंग म्या इचारलं, त्याईले काय दिसलं तिकडं? तं तो म्हने, पाखरं. पाखरं दिसली तुमाले. मी नाई दिसली.”

“धुकं होतं, मावशी.”

“धुकं मायाच वावरात होतं का?”

हॉटेलवाला चहा गाळायचा थांबला. मी तिला विचारले की त्या रविवारी सकाळी ती कुठे होती.

“कुठी असन? हरबऱ्यात. ते मोठे मोठे बदकं येतेत ना, पट्ट्यापट्ट्याचे, अंधार असता उतरतेत न् कोवळा हरबरा उपटून खातेत. मी रोज पहाटं डबा वाजोतो. त्या दिशी बी वाजोला. तुमाले आयकू नाई आला?”

ऐकू आल्याचे मी सांगितले.

“मंग?”

मी दुसरा प्रश्न विचारला. नव्या पट्ट्यांची यादी वर कधी जाणार आहे? तिला ते माहीत होते. गुरुवारी, चारच्या गाडीच्या टपालात, आदिलाबादला. त्यात तिचे नाव नसले तर जमीन मोकळी धरली जाईल, आणि ती मागणारे दोघे जण आधीच कार्यालयात फेऱ्या मारून गेले होते. ती जमीन पहिल्यांदा तिच्या सासऱ्याला मिळाली होती. त्याआधी घरातले सगळे मजुरीने जायचे.

पाकीट ड्रायव्हरला दिले आणि मी तिला घेऊन शाळेत गेलो. सुटीची घंटा व्हायची होती. हेडमास्तरांनी उभ्याउभ्याच सगळे ऐकले. मग कपाटातून पंचनाम्याची कार्बन प्रत काढली आणि या वेळी ती पहिल्या ओळीपासून वाचली. चतुःसीमेच्या खाली एक ओळ होती. तिचा अर्थ त्यांनी मला मराठीत सांगितला: उत्तर काठ पाणथळ, गवत, कोणाची वहिवाट आढळून आली नाही.

तिला ते म्हणाले, “ताई, चूक आमची आहे.”

“चूक कोनाची का असना. हरबरा माया हाये.”

कारकून सहा वाजता घरी सापडला. त्याला प्रत दाखवली. त्याने ती ओळ बोटाने शोधली.

“हे काऊन लिहिलं?” हेडमास्तरांनी त्याच्याच बोलीत विचारले.

“रकाना असते ना, गुरुजी. वहिवाटीचा रकाना खाली ठेवला तं साहेब कागद वापस करते. मले तिकडं काई दिसत नव्हतं. मंग ‘नाई’ लिहिलं.”

“दिसत नव्हतं असं लिहायचं.”

“तसं कोनी लिहीत नाई. म्या चौदा सालात तसा एक बी पंचनामा पाह्यला नाई.”

पट्ट्यांची यादी त्याच्या टेबलावरची नव्हती. ती दुसऱ्या विभागात होत होती. तिथल्या माणसाने तलावाच्या शिकमचा सगळ्यात ताजा पंचनामा शोधला, तो आमचा निघाला. त्यावर पाच सह्या होत्या आणि त्यांतली एक हेडमास्तरांची होती. त्या माणसाने नियमाप्रमाणेच काम केले होते.

बुधवारी सकाळी साडेदहाला हेडमास्तर, कारकून आणि मी मंडळ अधिकाऱ्यांसमोर उभे राहिलो. ते आंध्रच्या किनाऱ्याकडचे, तेलुगू बोलणारे होते. हेडमास्तरांनी बोलणे केले. अधिकाऱ्यांनी मध्ये न बोलता ऐकले. मग त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. आवक क्रमांक पडलेला कागद परत देता येत नाही. मात्र नवा स्थळ-पंचनामा झाला तर तो जुन्याच्या वर लागतो. तो गिरदावराने, म्हणजे महसूल निरीक्षकाने, स्वतः जागेवर जाऊन करायला हवा, आणि पंच तेच पाहिजेत, नाहीतर दोन पंचनाम्यांतला खरा कोणता, हा प्रश्न वर विचारला जाईल. गिरदावर त्या दिवशी दाखल्यांच्या चौकशीसाठी बाहेरगावी होता. तो गुरुवारी सकाळी येऊ शकत होता. यादी गुरुवारी चारला जाणार, ती थांबवता येणार नव्हती.

मी तामसीच्या कंडक्टरजवळ दोन्ही शिक्षकांसाठी चिठ्ठी दिली. चिठ्ठीत लिहिले होते: उद्या पहिल्या गाडीने या, अर्धी रजा टाका, पंच म्हणून सही पुन्हा करायची आहे, चहा मिळेल.

गुरुवारी धुके पुन्हा होते. शिक्षक आठ वाजून पाच मिनिटांनी उतरले. गिरदावर पावणेनऊला सायकलवरून बगीच्यात आला. निजामाबादकडचा माणूस, जाडसर, डोक्याला मफलर. तो आमच्याशी हिंदीत बोलला. बाकावर बसला, पिशवीतून आमचा पंचनामा काढला आणि मोठ्याने वाचत गेला. एका ओळीवर तो थांबला.

“ये क्या लिखे? बारह हलदी-कुंकू? औरतों का प्रोग्राम था क्या?”

“बदक है, साब,” कारकून म्हणाला.

“बदक का नाम हलदी-कुंकू?”

“चोंच पे पीला रहता, बाजू में लाल रहता.”

गिरदावराने कागद डोळ्यांजवळ नेला, पुन्हा दूर धरला. “अट्ठाईस साल की नौकरी में पहला पंचनामा देख रहा हूँ जिसमें सब का नाम लिखा है, बस खेत वाली का नहीं.”

त्याने पेन काढले. पलीकडे पाहिले. पलीकडे पांढरे होते. इथूनच लिहून टाकू, असे तो म्हणाला. पाचही जण शेत आहे म्हणून सांगत होते, तेवढे पुरे होते. तिकडे चिखल होता आणि त्याने बूट घातले होते.

हेडमास्तर म्हणाले, “साहब, इधर बैठके ही गलती हुई.”

गिरदावराने त्यांच्याकडे पाहिले, मग बुटांकडे. मग बूट काढून सायकलच्या हँडलला लेसने बांधले आणि पँट वर दुमडली.

बांधावरून पूर्वेच्या अंगाने उत्तर काठाला जायला आम्हाला पस्तीस मिनिटे लागली. शेवटचा भाग चिखलाचा होता. तामसीच्या एका शिक्षकाची चप्पल रुतली आणि पट्टा तुटला. ती त्याने हातात घेतली. “पक्षी पाहाले बलावतेत न् शेती करून घेतेत,” तो म्हणाला. तीन वर्षे आम्ही त्या तलावावर जात होतो. त्या काठावर आमच्यापैकी कोणीही याआधी गेलेले नव्हते.

हंस आम्हाला आधी ऐकू आले. मग डबा वाजला. धुक्यात अंगावर येतील इतक्या खालून ते उठले, पंखांचा आवाज डोक्यावरून गेला आणि तलावाकडे विरला. हेडमास्तरांच्या गळ्यात दुर्बीण होती. त्यांनी ती डोळ्यांना लावली नाही.

ती शेताच्या मधोमध उभी होती, एका हातात तेलाचा डबा, दुसऱ्यात काडी. हरभरा वीतभर झाला होता. काठाकडच्या तीन-चार ओळी खाल्लेल्या होत्या. बाकीचे शेत चांगले होते. बाभळीच्या फांद्या रोवून तिने तीन बाजूंनी कुंपण केले होते. चौथी बाजू पाण्याकडे उघडी होती.

गिरदावराने पावलांनी लांबी-रुंदी मोजली आणि खिशातल्या वहीत लिहिली. दोन्ही अंगांच्या जमिनी शिकमच्या नव्हत्या, खासगी होत्या; पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, हे त्याने विचारले. पश्चिमेचा शेतकरी बैल सोडत होता, त्याला बोलावून त्याच्याकडून ताडून घेतले. मग तिला विचारले, “कौन सी फसल है?”

तिने एक रोप उपटून त्याच्या हातात दिले. “हे काय, गवत दिसते का?”

त्याने पान तोडून चघळले. आंबट लागले असावे, कारण त्याने तोंड वाकडे केले. “हरबरा,” तो म्हणाला आणि लिहिले.

“कबसे कर रहे?”

“सासरा कराचा. मंग नवरा. मंग मीच करून राह्यली.”

कारकुनाने ते तेलुगूत सांगितले. बाभळीखाली दगडावर बसून गिरदावराने पंचनामा लिहिला. त्यात त्याने नमूद केले की पूर्वीचे निरीक्षण दक्षिण काठावरून, धुक्यात, पक्षीगणनेसाठी केलेले होते आणि पंच प्रत्यक्ष या जागेवर आलेले नव्हते. वहिवाटीच्या रकान्यात तिचे नाव, सर्व्हे नंबर आणि पीक आले. लिहून झाल्यावर त्याने कागद कारकुनाकडे दिला. “पढ के सुनाओ. सच्ची में.”

कारकुनाने एकेक ओळ वाचून मराठीत सांगितली. ती डबा बगलेत धरून ऐकत होती. शेवटी म्हणाली, “डब्याचं नाई लिहिलं.”

“डब्याचं काय लिहाचं?”

“का मी राखन करतो म्हून. पाखरायचं इतलं लिहिलं तुमी.”

कारकुनाने गिरदावराला विचारले. गिरदावराने कागद परत घेतला आणि पिकापुढे एक शब्द वाढवला. त्याचा अर्थ राखण चालू, असा होता. मग सह्या झाल्या. या वेळी सगळ्यांनी कागद पहिल्यापासून वाचला आणि त्याला वीस मिनिटे लागली. मी अक्षरे जुळवत वाचत होतो, तेव्हा गिरदावर म्हणाला, “पेपर वाले साब, आराम से. चार बजे तक टाइम है.” तिचा अंगठा घ्यायला त्याने शाईची डबी काढली. तिने पेन मागितले आणि मराठीत सही केली.

आम्ही परत बांधावर आलो तेव्हा साडेअकरा झाले होते. ऊन पडले होते. बगीच्यातून उत्तर काठ आता स्पष्ट दिसत होता. बाभळी, कुंपण, हिरवा चौकोन आणि त्यात उभी असलेली ती, सगळे नुसत्या डोळ्यांनी दिसत होते. दुर्बिणीची गरज नव्हती. गिरदावराने पायांचा चिखल तलावात धुतला, बूट घातले आणि कारकुनाला सायकलच्या मागे बसवून निघून गेला.

चहा बसस्टँडच्या हॉटेलात झाला. पैसे हेडमास्तरांनी दिले. तामसीच्या शिक्षकांनी दोनदा घेतला आणि चप्पल शिवायला मोच्याकडे गेले. सव्वातीनपर्यंत कारकुनाचा पत्ता नव्हता. साडेतीनला ती आली, पाय धुतलेले, नवे लुगडे. हॉटेलच्या बाकावर बसली. मंगळवारी ती बसली नव्हती.

“काई समजलं?”

“अजून नाही.”

“येऊन राह्यला असन.”

तीन वाजून पन्नास मिनिटांनी कार्यालयाचा शिपाई टपालाची पिशवी घेऊन स्टँडवर आला. पिशवीच्या तोंडाला लाख होती. त्याच्या मागून कारकून येत होता, घाम पुसत.

“यादीत हाये,” तो तिला म्हणाला. “अकरावं नाव. टाइप झालेली यादी होती, म्या साहेबाच्या सहीनं हातानं जोडलं.”

“हातानं जोडलेलं चालते का?”

“बाजूनं सही हाये न् शिक्का हाये. चालते.”

“वाचलं का तुमी? पुरं?”

“पुरं वाचलं, मावशे. दोन डाव.”

पिशवी ड्रायव्हरच्या मागच्या फळीवर ठेवली गेली. मी माझे पाकीट तिच्या शेजारी ठेवले. पाकिटात त्या दिवशी दोन ओळींची दुरुस्ती होती: उत्तर काठ निर्मनुष्य नसून तिथे शेती आहे. गाडी चार वाजून पाच मिनिटांनी निघाली. तिने गाडी वळणाआड जाईपर्यंत पाहिले, मग पदराच्या गाठीतून फुटाणे काढून बाकावर ठेवले आणि आम्हाला खा म्हणाली. गेल्या सालच्या हरभऱ्याचे होते. कारकुनाने आधी हेडमास्तरांकडे पाहिले, मग मूठ भरली. हेडमास्तर हसले. त्या आठवड्यात ते पहिल्यांदाच हसताना दिसले.

“आता डबा नका वाजवू म्हणणार नाही मी,” ते तिला म्हणाले.

“म्हनलं असतं तरी वाजोला असता.”

माझी दुरुस्ती छापून आली नाही. मी ती पुन्हा पाठवली, तेव्हाही आली नाही. शिकारबंदीच्या फलकाच्या अर्जाला उत्तर आले नाही. हेडमास्तरांनी अर्जातली आवाजाची ओळ लेखी मागे घेतली. त्या कागदालाही आवक क्रमांक पडला.

आदिलाबादहून मंजुरी संक्रांतीनंतर आठ दिवसांनी आली. कागद तेलुगूत होता, म्हणून ती तो घेऊन शाळेत आली. हेडमास्तरांनी वर्गाबाहेरच्या पायरीवर बसून तिला तो वरपासून खालपर्यंत वाचून दाखवला. मी तिथे होतो. त्यावर तिचे नाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र दोन एकर, पीक हरभरा, मुदत एक साल असे लिहिले होते. खाली सही आणि शिक्का होता.